कारखान्याच्या दोन वह्या



एका कंपनीला एकाच वर्षी ४,८०७ कोटी रुपये नफा झाला आणि त्याच वर्षी तिला ४,९१० कोटी रुपये तोटाही झाला, असे मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, मास्तरांचा काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. पण घोटाळा नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही हिशेबतपासनिसांनी तपासलेले आहेत आणि दोन्ही एकाच छापील पुस्तकात आहेत. ते पुस्तक म्हणजे टाटा स्टील या कंपनीचा २०२३-२४ सालचा वार्षिक अहवाल.

हीच कंपनी मी का निवडली? एक कारण असे, की तिचे लोखंड तुमच्या घरात कुठे ना कुठे असतेच. छपरावरचा पत्रा, स्लॅबमधली सळई, कोपऱ्यात उभी केलेली कुदळ. ‘टाटा अ‍ॅग्रिको’ या नावाने ती कंपनी शेतीची अवजारे गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून करीत आली आहे. दुसरे असे, की आयुर्विमा महामंडळ हे या कंपनीचे मोठे भागधारक आहे. तेव्हा ज्या घरातून विम्याचा हप्ता जातो त्या घराचाही या जमाखर्चाशी लांबचा का होईना, संबंध पोचतो. आणि तिसरे कारण खरे महत्त्वाचे. मोठ्या कारखान्यांना हल्ली दोन वह्या ठेवाव्या लागतात. एक पैशाची आणि दुसरी धूर, पाणी, माती आणि माणसे यांची. २०२३-२४ साली या कंपनीच्या दोन वह्या एकमेकींशी अशा काही भांडल्या, की दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय काहीच उमगत नाही.

कंपनीची थोडी पूर्वपीठिका सांगतो, कारण तिचा आरंभ आपल्याकडचा आहे. १८८२ साली फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा एक अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. त्यात चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या, लोहाऱ्याच्या खनिजाचे वर्णन होते. जवळच वरोऱ्याला कोळसा. पण तो कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा नाही असे परीक्षेत ठरले आणि बेत मागे पडला. पुढे १९०४ साली प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाची वार्ता कळवली आणि कारखाना पूर्वेकडे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, गेला. कंपनी मात्र मुंबईत नोंदली गेली, २६ ऑगस्ट १९०७ रोजी. विलायतेत भांडवल जमेना. तेव्हा स्वदेशीच्या त्या दिवसांत सुमारे आठ हजार हिंदी माणसांनी तीन आठवड्यांत सारे भागभांडवल उभे केले. आणि वरची कर्जाऊ रक्कम, चार लाख पौंड, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी एकट्याने दिली. जमशेटजी हे पाहायला राहिले नाहीत. ते १९०४ मध्येच वारले होते.

असो. आता नफा आणि तोटा एकाच वर्षी कसा, ते पाहू.

एक एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. थोरला भाऊ गावी शेती पाहतो, धाकट्याने शहरात दुकान टाकले आहे. शेतीत वर्षाकाठी लाखभर शिल्लक राहिली. दुकानात दोन लाख बुडाले. थोरल्याला विचारा, ‘यंदा कसं काय?’ तो म्हणेल, ‘चांगलं झालं, लाख सुटले.’ म्हातारीला विचारा. ती साऱ्या घराचा हिशेब मनात ठेवून असते; ती म्हणेल, ‘लाखाचा खड्डा पडला, बाबा.’ खोटे दोघेही बोलत नाहीत. कंपनीच्या अहवालात थोरल्याच्या हिशेबाला ‘स्वतंत्र’ वित्तीय पत्रके म्हणतात आणि म्हातारीच्या हिशेबाला ‘एकत्रित’. टाटा स्टीलच्या स्वतंत्र हिशेबात मुख्यतः भारतातला व्यवहार येतो. तिथे ४,८०७ कोटी नफा. एकत्रित हिशेबात इंग्लंड, हॉलंड वगैरे ठिकाणच्या तिच्या कंपन्याही येतात. तिथे ४,९१० कोटी तोटा. म्हणून कोणी तुम्हांला कंपनीचा नफा सांगू लागला की पहिला प्रश्न हा विचारावा: हा आकडा थोरल्याचा की म्हातारीचा?

धाकट्याचे दुकान का बुडाले, त्याचीही हकीकत आहे. २००७ साली टाटा स्टीलने कोरस ही युरोपातली प्रचंड पोलाद कंपनी सुमारे ६.२ अब्ज पौंडांना घेतली. तेव्हा आपल्याकडे पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचा कारखाना आपण विकत घेतला, अशी भाषणे मी स्वतः ऐकली आहेत. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली, पोलादाची मागणी कोसळली आणि त्या खरेदीचे ओझे कंपनीच्या पाठीवर वर्षानुवर्षे राहिले. वेल्समध्ये समुद्रकाठी पोर्ट टॅलबॉट नावाचे गाव आहे. तिथल्या दोन झोतभट्ट्या जुन्या झालेल्या, मागणी मंद, वीज महाग. आपल्याला रोज दहा लाख पौंडांहून अधिक तोटा होतो असे कंपनी म्हणत होती. शेवटी २०२३ साली ब्रिटिश सरकारशी बोलणे झाले: जुन्या झोतभट्ट्या विझवायच्या आणि त्यांच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभारायची. खर्च सव्वा अब्ज पौंड. त्यांतले पन्नास कोटी पौंड सरकार देणार.

आता, भट्टी विझायची होती पुढे, मग तोटा २०२३-२४ मध्येच कसा काय लिहिला? विहिरीवर तुम्ही डिझेलचे इंजिन बसवले, वहीत त्याची किंमत साठ हजार मांडली. दोन वर्षांनी वीज आली, मोटार बसली, इंजिन नुसते पडून. भंगारात त्याचे आठ हजार येतील. वहीत अजून पंचेचाळीस हजार दिसत असतील, तर प्रामाणिक माणसाने तो आकडा खाली आणलाच पाहिजे. आणि तेवढी रक्कम त्या वर्षाच्या तोट्यात जाते, त्या वर्षी खिशातून एक पैसाही बाहेर पडलेला नसला तरी. त्याचबरोबर इंजिनवाल्या गड्याला काढायचे ठरवून तसा शब्द त्याला दिला असेल, तर त्याची देय रक्कमही आजच बाजूला लिहून ठेवावी लागते. पोर्ट टॅलबॉटच्या बाबतीत अशा दोन्ही रकमा २०२३च्या सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत हिशेबात आल्या आणि त्या एका तिमाहीतच कंपनीने ६,५०० कोटींवर तोटा दाखवला. त्यात भर म्हणून हॉलंडमधली एक झोतभट्टी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होती.

पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, एकत्रित विक्री २ लाख २९ हजार कोटींवरून २ लाख १८ हजार कोटींवर उतरली. आणि तोट्याच्या जागी ३,१७४ कोटी नफा आला. विक्री कमी, तरी नफा! म्हणजे उलाढालीच्या आकड्याने दिपून जाण्यात अर्थ नाही. अहवालाच्या पहिल्या पानांवर जो आकडा ठळक छापलेला असतो तो बहुधा उलाढालीचा असतो, नाहीतर व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या कमाईचा. २०२३-२४ साली ही कमाई सुमारे २३,४०० कोटी होती. व्याज आणि घसारा वजा जाण्यापूर्वी कोणाचेही घर श्रीमंतच दिसते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्यातला प्रकार. त्याच पुस्तकात मागे गेले की मार्च २०२४ अखेरचे निव्वळ कर्ज दिसते: सुमारे ७७,५०० कोटी. वर्षभराने ते ८२,५०० कोटींच्या घरात गेले.

लाभांशाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तोट्याच्या त्या वर्षी कंपनीने दर शेअरला ३ रुपये ६० पैसे लाभांश दिला. शेअर सुमारे १,२४८ कोटी. म्हणजे वाटप झाले जवळजवळ ४,४९० कोटींचे. तोटा ४,९१० कोटींचा आणि वाटप ४,४९० कोटींचे! कायद्याने यात वावगे काही नाही. लाभांश हा थोरल्याच्या, म्हणजे स्वतंत्र हिशेबाच्या नफ्यातून द्यायचा असतो आणि तिथे नफा होता. तेव्हा कंपनीने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या घरात धाकट्याच्या दुकानातल्या नोकरांना घरी पाठवण्याचे ठरले त्याच वर्षी दिवाळीची ओवाळणी नेहमीइतकीच घातली गेली, एवढे नोंदवून ठेवायला हरकत नाही. ओवाळणी मिळालेल्यांत आपले विमा महामंडळही होते, हेही विसरू नये.

पैशाची वही इथे मिटतो. आता दुसरी.

ही दुसरी वही आपल्या देशात तुलनेने नवी आहे. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेने २०२१ साली तिचा नमुना ठरवला आणि शेअरबाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ती भरणे सक्तीचे केले. तिचे लांबलचक नाव मराठीत ‘व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ असे होईल. आपण ‘धुराची वही’ म्हणू. शाश्वतता या शब्दाने घाबरू नका. विहिरीतून उपसा करावा तो झऱ्याच्या बेताने. बियाण्याचे धान्य खाऊ नये. शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. कारखान्याला मात्र ते तक्ते भरून सांगावे लागते.

लोखंडाचा आणि धुराचा संबंध काय, हे शिक्षक बंधुभगिनींना वर्गात चांगले समजावून देता येईल. लोखंडाचे खनिज म्हणजे, एका अर्थी, निसर्गाने लाखो वर्षे जपून ठेवलेला गंज. गंज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. लोखंड मोकळे करायचे तर प्राणवायूला दुसरा कोणी सोबती द्यावा लागतो. झोतभट्टीत तो सोबती असतो कोळशातला कर्ब. कर्ब प्राणवायूला घेऊन जातो आणि दोघांचा मिळून कर्बवायू होतो, जो हवेत जाऊन पृथ्वीचा ताप वाढवतो. म्हणजे झोतभट्टीचा हा वायू निव्वळ जळणाचा नव्हे. लोखंड तयार होण्याच्या क्रियेतच तो आहे. भट्टी कितीही सुधारली तरी तो थोडाफार कमी होईल, नाहीसा होणार नाही. टाटा स्टीलच्या भारतातल्या कारखान्यांत एक टन कच्चे पोलाद करताना सव्वादोन टनांहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्या थोडी खाली आहे. पोतेभर पोलाद आणि दोन पोती वायू, असा हा सौदा.

भंगार वितळवून पोलाद केले तर प्रश्न पुष्कळ सोपा होतो, कारण भंगारातले लोखंड आधीच मोकळे झालेले आहे, फक्त वितळवायचे. विजेच्या भट्टीला ते जमते आणि वायू कितीतरी कमी निघतो, अर्थात वीज कशापासून केली यावर ते अवलंबून. मग सगळीकडे विजेच्या भट्ट्या का लावत नाहीत? कारण भंगार पाहिजे. इमारतीतले लोखंड भंगारात यायला पन्नास वर्षे लागतात. इंग्लंडसारख्या देशात पिढ्यान्‌पिढ्यांचे लोखंड साठले आहे. दरवर्षी लाखो टन भंगार ते परदेशी विकतात. आपण आत्ता कुठे घरे आणि पूल बांधतो आहोत. आपले भंगार आपल्या नातवंडांच्या काळात येणार. टाटा स्टीलने २०२३ साली लुधियान्याला भंगारावर चालणारी, वर्षाला साडेसात लाख टनांची भट्टी उभारायला घेतली, तीही गाड्या-यंत्रांचे भंगार त्या मुलखात जवळ मिळते म्हणूनच. पण तिच्या भारतातल्या एकूण उत्पादनापुढे, जे २ कोटी टनांच्या वर आहे, हा आकडा पसाभरच.

आता या वहीतली मुख्य खुबी सांगतो. धुराचा आकडा दोन प्रकारे लिहिता येतो: दर टनामागे किती, आणि वर्षभरात एकूण किती. अहवालात चित्रे काढून दाखवतात तो पहिला. त्यात दरसाल थोडी घट दिसावी असा प्रयत्न असतो आणि ती घट खोटी नसते. पण टाटा स्टीलला २०३० पर्यंत भारतातली क्षमता ४ कोटी टनांवर न्यायची आहे. आपण एक नमुन्याचे गणित करू. समजा दर टनामागचा वायू २.३ टनांवरून २ टनांवर उतरला. शाबासकीच दिली पाहिजे. पण उत्पादन २ कोटींवरून ४ कोटी टनांवर गेले. पहिल्या वेळी एकूण वायू ४ कोटी ६० लाख टन. दुसऱ्या वेळी ८ कोटी टन. दर टनाचा आकडा उतरला आणि आभाळातला ढीग पावणेदोनपट झाला. एकरी युरिया कमी टाकला असे सांगणाऱ्याने एकर दुप्पट केले असतील, तर विहिरीच्या पाण्याला एकरी हिशेबाचे काय सुख?

याचा अर्थ आपण पोलाद करू नये असा होत नाही. ज्या देशात अजून शाळेला पत्रा मिळत नाही त्याने पोलाद वापरू नये, असे सांगायचा अधिकार पन्नास वर्षांपूर्वीच सगळे बांधून बसलेल्या देशांना नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आकडा मागावा तो दोन्ही प्रकारचा.

पोर्ट टॅलबॉटच्या भट्ट्या विझल्या. एक जुलै २०२४ मध्ये, दुसरी ३० सप्टेंबर २०२४ रोजी. धुराच्या वहीत ही मोठी जमा आहे. नवी विजेची भट्टी सुरू झाल्यावर त्या कारखान्याचा कर्बवायू नव्वद टक्क्यांनी कमी होईल असे कंपनी सांगते. ब्रिटन देशाचा एकूण वायूच त्यामुळे दीड टक्क्याच्या आसपास घटेल असे तिकडच्या सरकारचे म्हणणे. म्हणजे पाहा, पैशाच्या वहीत जो हजारो कोटींचा खड्डा तोच धुराच्या वहीत भरघोस पीक. पण नव्या भट्टीचे काम सुरू झाले जुलै २०२५ मध्ये. मधल्या काळात तिथले पत्रे लाटण्याचे कारखाने बंद ठेवले नाहीत. त्यांना लागणाऱ्या पोलादाच्या लाद्या आणि गुंडाळ्या बाहेरच्या देशांतून आणाव्या लागतात. त्या कुठल्या तरी झोतभट्टीतच झालेल्या असतात. वेल्सचा धूर गेला खरा. थोडा दुसरीकडे निघाला. इथेही थोरला, धाकटा आणि म्हातारी यांचा हिशेब आलाच की.

आणि त्याच सप्टेंबर २०२४ मध्ये, ज्या महिन्यात पोर्ट टॅलबॉटची शेवटची भट्टी विझली, त्या महिन्यात ओडिशात कलिंगनगरला कंपनीने ५,८७० घनमीटरची नवी झोतभट्टी पेटवली. भारतातली सर्वांत मोठी म्हणून तिचे कौतुक झाले. झोतभट्टी ही चूल नव्हे, रात्री विझवली सकाळी पेटवली अशी. एकदा पेटली की आतल्या विटा बदलायची वेळ येईपर्यंत पंधरावीस वर्षे ती रात्रंदिवस चालते. कंपनीने २०४५ पर्यंत निव्वळ वायू शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला आहे. २०२४ मध्ये पेटलेली ही भट्टी साधारण २०४० च्या सुमारास विटा मागेल. त्या वेळी संचालक मंडळ नव्या विटा बसवते की भट्टी मोडते, यावर त्या संकल्पाची पारख होणार. तोवर अहवालातली चित्रे हिरवीगार असतील यात शंका नाही.

आता माणसांकडे येतो. माझ्या मते दोन्ही वह्यांची खरी परीक्षा तिथे आहे.

पोर्ट टॅलबॉट आणि इतर ब्रिटिश कारखाने मिळून सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार असे कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. एक भट्टी चालू ठेवून बदल हळूहळू करावा, अशी कामगार संघटनांची योजना होती. परवडत नाही म्हणून ती नाकारली गेली. तीनतीन पिढ्या ज्यांनी त्या भट्टीवर भाकरी भाजली त्यांच्यावर काय प्रसंग आला असेल, ते मुंबईच्या गिरणगावातून १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्या घरांना सांगायला नको. तरीही एक फरक आहे. वेल्सच्या कामगाराला द्यावयाची रक्कम वहीत चढली. त्याच्या नोकरीची किंमत, कमी का जास्त, रुपया-पौंडांत लिहिली गेली. ती लिहिली गेली, कारण तिकडे कायदा आहे आणि कायद्यामागे संघटना आहे.

कलिंगनगरला काय झाले? तिथली जमीन सरकारने कारखान्यांसाठी १९९० च्या दशकात घेतली होती. मोबदला तुटपुंजा मिळाला, असे तिथल्या आदिवासींचे म्हणणे होते. २ जानेवारी २००६ रोजी टाटा स्टीलच्या जागेवर भिंत घालण्याचे काम सुरू होताच ते अडवायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तेरा आदिवासी मेले. एक पोलीसही मारला गेला. गोळ्या पोलिसांच्या होत्या, कंपनीच्या नव्हत्या, हे नीट ध्यानात घ्यावे. पुढे पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या, कारखाना उभा राहिला, आणि आज त्याच कारखान्यात देशातल्या मोठ्यांतली मोठी भट्टी जळते. पण त्या तेरा जणांसाठी कोणत्याही वर्षीच्या ताळेबंदात रकाना नाही. मला नेहमी असे वाटत आले आहे, की ज्या दुःखाची भरपाई करायची कायद्याने सक्ती असते तेवढेच दुःख वहीत चढते. बाकीचे वहीबाहेर राहते. म्हणून वहीत कोणते रकाने असावेत हा हिशेबनिसांचा एकट्यांचा प्रश्न नाही. तो तुमचाआमचा आहे.

या बाबतीत सेबीच्या नमुन्याने थोडे तरी दार उघडले आहे. वर्षात कारखान्यात किती माणसे अपघाताने मेली हे आता लिहावे लागते. पगारी नोकरांत किती आणि कामगारांत किती, हे वेगळे द्यावे लागते. कायम कामगार किती, कंत्राटी वगैरे किती, हेही. संचालकांचा मधला पगार किती आणि कामगाराचा मधला पगार किती, हे एकाच तक्त्यात मांडावे लागते. तो तक्ता वाचून झाल्यावर माझ्या वर्गातली मुले काही क्षण गप्प होतात. आसपासच्या गावांनी किती तक्रारी केल्या आणि किती निकालात काढल्या, हेही विचारलेले असते. तक्रारी शून्य असे लिहिलेले दिसले तर मात्र मला संशय येतो. ज्या गावाजवळ मोठा कारखाना आहे आणि तक्रार एकही नाही, तिथे एकतर रामराज्य असते नाहीतर तक्रार करायची सोय नसते.

सामाजिक कार्यासाठीच्या दोन टक्क्यांबद्दल तुम्ही ऐकले असेल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करायला सांगितले. शाळेला संगणक, गावाला पाण्याची टाकी, ही त्यातूनच येतात. चांगलेच आहे. पण दोन टक्क्यांची टाकी घेताना उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा नफा कसा मिळवला, त्यात आपल्या ओढ्याचे पाणी किती खर्ची पडले, हे विचारायला विसरू नये. ते टाकीच्या पाटीवर लिहिलेले नसते. ते धुराच्या वहीत असते.

शेवटी, धुराची वही आता पैशाच्या वहीत शिरू लागली आहे. युरोपच्या संघाने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खते अशा मालावर कर्बाचा आकार लावण्याची पद्धत सुरू केली. माल करताना जितका वायू निघाला त्या मानाने तिकडच्या आयात करणाऱ्याला रक्कम भरावी लागणार. आणि तो ती आपल्याकडच्या विकणाऱ्याच्या भावातून कापून घेऊ पाहणार, हे व्यापार जाणणाऱ्याला सांगायला नको. दर टनामागचे ते सव्वादोन टन म्हणजे उद्या रुपयांत मोजायची गोष्ट झाली. युरोपने हे पर्यावरणाच्या प्रेमाने केले की आपल्या कारखान्यांच्या रक्षणासाठी, यावर वाद घालता येईल. दोन्ही हेतू एका घरात सुखाने नांदू शकतात.

आपल्या सहकारी साखर कारखान्यांना सेबीची ही वही लागू नाही, कारण ते शेअरबाजारात नाहीत. पैशाचा ताळेबंद मात्र सभासदाला पाहायला मिळतो आणि वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदा पुस्तिका हातात आली की उसाचा भाव पाहून झाल्यावर आणखी चार गोष्टी शोधून पाहा. एक टन ऊस गाळायला बाहेरचे पाणी किती घेतले. आसवनीतून निघालेला काळा द्रव कुठे गेला. बगॅसवर वीज किती केली आणि कोळसा किती जाळला. ऊसतोडणीच्या मजुरांपैकी किती जण हंगामात जखमी झाले आणि त्यांचा खर्च कोणी सोसला. पुस्तिकेत हे नसेल, तर सभेच्या आधी कार्यकारी संचालकांच्या नावे साध्या कागदावर प्रश्न लिहून द्या, आणि आवक क्रमांक घालून त्याची पोच घ्या.